चिठ्ठीत निघालेली बाजू

नवापूर,
मंगळवार, १८ नोव्हेंबर

प्रिय गायत्री,

तू नाक मुरडायच्या आत सांगते. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे आणि कागदाच्या एकाच बाजूला लिहिते आहे. पाकीट तुझ्या लेकाकडून, पवनकडून फोडून घे, पण वाचून दाखवायला सांगू नकोस, आणि त्यालाही वाचू देऊ नकोस. पानांवर आकडे घातले आहेत. टेबलावर ओळीनं पसरून ठेव म्हणावं, म्हणजे तुला एकही पान उचलावं लागणार नाही. पंखा मात्र बंद ठेवायला सांग, नाहीतर माझं सगळं शहाणपण खाटेखाली उडून जाईल.

तुझं पत्र दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आलं. म्हणजे सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत आपण दर रविवारी फोनवर बोललो, तुझ्या नातीची परीक्षा, माझा गुडघा, नाशिकची थंडी, सगळं बोललो, आणि त्या पत्राचं नाव ना तू काढलंस ना मी. तुझा फोन स्पीकरवर ठेवलेला असतो, आजूबाजूला घर असतं, हे मला कळतं. त्यामुळे उत्तर द्यायचं तर कागदावरच द्यावं लागणार होतं, आणि कागद समोर घेतला की मला एकदम भात कांडायची, कोंबड्या मोजायची, शेजारणीच्या सुनेचं ब्लडप्रेशर बघायची कामं आठवायची. तुझ्या पत्राचं उत्तर शेवटी देते. आधी गंमत ऐक, कारण त्या गंमतीशिवाय मला उत्तर सापडलं नसतं.

आमच्या इथे ज्येष्ठ नागरिक मंडळ आहे, तुला सांगितलं होतं. महिन्यातून एका शनिवारी दुपारी समाजमंदिराच्या हॉलमध्ये जमायचं, कुणाचा वाढदिवस असेल तर पेढा, नसेल तर बिस्कीट. विनोद सर अध्यक्ष आहेत. हायस्कूलमधून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी माणसं दिसली की त्यांना हजेरी घ्यावीशी वाटते. ऑक्टोबरच्या सभेत ते पेपर घेऊन आले. लंडनच्या संसदेत वर्षभर खल चालला आहे म्हणे, बऱ्या न होणाऱ्या माणसानं स्वतः मागितलं तर डॉक्टरनं मरणाचं औषध द्यावं का नाही. विनोद सर म्हणाले, तिकडचे लोक या विषयावर एवढं बोलतात, आणि आपण ज्येष्ठ असून फक्त मधुमेहावर बोलतो, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पुढच्या सभेत वादविवाद. विषय, 'इच्छामरणाला कायद्यानं परवानगी द्यावी.' बोलणार कोण, तर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी नर्स, आणि फुलसिंगकडे पाहिलं, कारण फुलसिंगला गप्प बसवता येत नाही.

फुलसिंग तुला ठाऊक आहे, आणि तू त्याला ठाऊक आहेस! मला हे महिन्यापूर्वीपर्यंत माहीत नव्हतं. हा फुलसिंग वळवी एसटीत कंडक्टर होता, आणि तू मोलगीच्या दवाखान्यात होतीस त्या वर्षांत त्या बाजूच्या गाडीवर होता. बोलता बोलता मी तुझं नाव घेतलं तर म्हातारा खुर्चीतून उठला. 'ती डबावाली सिस्टर?' म्हणाला. मग त्यानं सगळ्या हॉलला सांगितलं, की बाजारच्या दिवशी गाडी खच्चून भरलेली, तू लसीचा डबा सीटवर ठेवलेला, त्यानं डबा खाली ठेवायला सांगितलं, आणि तू त्याच्या तोंडावर डब्याचं अर्धं तिकीट मागितलंस. वर म्हणालीस, 'यामा साठ पोरे बठेल शेतस, तू तं एकच शे, तू उभा ऱ्हाय.' गायत्री, त्यानं तुला खरंच तिकीट फाडून दिलं होतं का? तो शपथेवर सांगतो की दिलं होतं. मी अर्धा जन्म तुझ्याबरोबर वॉर्डात काढला आणि ही गोष्ट मला एका कंडक्टरकडून कळावी!

तर बाजू कुणी कोणती घ्यायची यासाठी विनोद सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. मी चिठ्ठी उघडली आणि दोनदा वाचली. 'बाजूने.' मी, रूथ गावित, चर्चच्या महिला मंडळाची सेक्रेटरी, इच्छामरणाच्या बाजूने बोलणार. तिकडे फुलसिंगच्या चिठ्ठीत 'विरोधात', आणि त्याचा चेहरा माझ्याहून पडलेला, कारण तो मनापासून बाजूनेच होता. आम्ही दोघांनी हात जोडून सांगितलं, सर, चिठ्ठ्या बदलून द्या. विनोद सर म्हणाले, चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी, दुसऱ्याच्या बाजूनं विचार करता आला नाही तर एवढी वर्षं जगून काय केलंत?

मग आम्ही एक युक्ती केली. माझे मुद्दे मी फुलसिंगला द्यायचे, त्याचे त्यानं मला द्यायचे. तीन दुपारी त्याच्या ओट्यावर बसलो. त्याची बायको चहा करी आणि दर वेळी विचारी, 'मग काय ठरलं, मरायचं की नाही?' फुलसिंग मला शिकवताना कंडक्टरच व्हायचा. म्हणायचा, 'सिस्टर, कुठं उतरायचं ते पॅसेंजर सांगणार. आपण फक्त घंटी मारायची. गाडी डेपोपर्यंत जाते म्हणून सगळ्यांनी डेपोपर्यंत बसलंच पाहिजे असं आहे का?' मी वहीत लिहून घेतलं. मग मी त्याला माझी बाजू शिकवली, की घाटात गाडी हलायला लागली की उलटीच्या भरात कितीतरी पॅसेंजर म्हणतात इथंच उतरवा, आणि घाट संपला की तेच खिडकीतून हात बाहेर काढून गाणी म्हणतात. त्यानं ते लिहून घेतलं नाही. त्याला लिहायचा कंटाळा. त्याऐवजी त्यानं त्याच्या आईची गोष्ट सांगितली.

रेवाबाई तिचं नाव. तोरणमाळच्या खालच्या एका पाड्यावर राहायची. नव्वदीला आली, आणि एक दिवस तिनं भाकर बाजूला सारली. आता पुरे, म्हणाली. कुणी जबरदस्ती केली नाही. तिनं एकेकाला बोलावून घेतलं. कुणाला शेळी दिली, कुणाला शिव्या दिल्या, फुलसिंगला सांगितलं की तू लहानपणी फार रडका होतास. दहाव्या दिवशी शेजारी कुणीतरी मक्याचं कणीस भाजत होतं, त्याचा वास आला तर उठून बसली, चार दाणे खाल्ले आणि म्हणाली, हे धरायचं नाही. बाराव्या दिवशी गेली. फुलसिंग म्हणाला, 'तिला कुणी मारलं नाही आणि कुणी अडवलंही नाही. मग तुझा कायदा कशाला पाहिजे, असं मी विरोधात सांगू का? पण तिला दुखत नव्हतं, सिस्टर. दुखत असतं तर?' असा तो माझ्याशी भांडताना मध्येच स्वतःशी भांडायचा.

दुखत असतं तर, याचं उत्तर तुला आणि मला माहीत आहे. तुला आपल्या वॉर्डातला शेवटच्या खाटेवरचा तो माणूस आठवतो? गालाचा कॅन्सर, तंबाखूवाला. आपण राउंडला गेलो की एका डोळ्यानं बघायचा आणि विचारायचा, 'सिस्टर, आज?' आणि मी म्हणायचे, 'आज नाही, उद्या.' जणू काही डिस्चार्जची तारीख सांगते आहे. चाळीस दिवस मी त्याला उद्या म्हटलं. मला वाटलं होतं मी ते विसरले. भाषणाची तयारी करताना पहिल्याच पानावर तो येऊन बसला.

घरी काय चाललं होतं ते वेगळंच. माझी सून रंजना फार गुणी, पण तिनं माझ्या वहीत डोकावून पाहिलं. वहीत काय, तर ठळक अक्षरात, 'माणसाला आपल्या मरणाचा हक्क हवा.' झालं! दुसऱ्या दिवशी माझ्या गोळ्यांचा डबा जागेवर नाही. विचारलं तर म्हणते, मम्मी, मी देत जाईन ना वेळेवर. विहिरीवर जायला निघाले तर पाठोपाठ बादली घेऊन ही. माझा दानियल सुरतेहून दर शनिवारी रात्री येतो, तो त्या आठवड्यात गुरुवारीच हजर, आणि आल्याबरोबर माझ्या कपाळाला हात लावून बघतो. चर्चच्या दोन बायका जेवणानंतर 'सहज' आल्या आणि माझ्यासाठी एवढी लांब प्रार्थना केली की एकीच्या पायाला मुंग्या आल्या. मी ओरडून सांगितलं, अहो, मला मरायचं नाही, मला फक्त भाषण करायचं आहे! कुणाचा विश्वास बसेना. रंजनानं विळीसुद्धा उंच फळीवर ठेवली. तीन दिवस घरात न चिरलेली भेंडी खाल्ली आम्ही.

शनिवारी हॉल भरला. एरवी वीस माणसं येतात, त्या दिवशी चाळीसच्या आसपास. पहिल्यांदा विनोद सरांनी समजावून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. आपल्याकडे आज काय चालतं आणि काय चालत नाही. परत शुद्धीवर यायची आशा नसेल तर मला यंत्रावर ठेवू नका, नळ्या घालू नका, असं आपण धड असतानाच लिहून ठेवता येतं, सुप्रीम कोर्टानं त्याला मान्यता दिली आहे. डॉक्टर तपासून खात्री करतात आणि मग निसर्गाला वाट मोकळी करून देतात. पण डॉक्टरनं किंवा कुणीही हातानं मरणाचं औषध द्यायचं, हे आपल्याकडे चालत नाही. तो गुन्हा आहे. वाद या दुसऱ्या गोष्टीचा आहे, सर म्हणाले, पहिलीचा नाही, तेव्हा गोंधळ करू नका.

मी उठले. फुलसिंगची घंटी वापरली, लोक हसले. मग शेवटच्या खाटेवरच्या माणसाचं सांगितलं, लोक हसायचे थांबले. आणि मग, गायत्री, वहीत नसलेलं मी बोलले. माझी एक मैत्रीण आहे, म्हणाले, नाव सांगणार नाही. तिचं अक्षर जिल्ह्यात एक नंबर होतं, साहेब लोक तिचं रजिस्टर दुसऱ्यांना दाखवायला न्यायचे. आता तिच्या नसा एकेक करून काम सोडत आहेत. हात गेले, पाय चालले आहेत, पुढे गिळणं जाईल, आणि डोकं मात्र शेवटपर्यंत लखलखीत राहणार. ती सारं समजून उमजून काही मागत असेल, तर तिला 'उद्या' म्हणणारे आपण कोण? एवढं बोलले आणि खाली बसले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. रंजना मागच्या खुर्चीवर होती, तिनं येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिला तेव्हा कळलं असावं की गोष्ट माझी नाही.

फुलसिंगनं विरोधात बोलायचं म्हणून घाट सांगितला, रेवाबाईचे बारा दिवस सांगितले, आणि शेवटी म्हणाला, 'आईजवळ त्या बारा दिवसांत एक मिनिट असं गेलं नाही की कुणी बसलेलं नव्हतं. मला सांगा, आजकाल कुणाजवळ बारा दिवस कोण बसतं? बसायला माणूस नाही म्हणून औषध द्यायचं असेल, तर माझा विरोध. माणसं बसलेली असतील आणि तरीही तो म्हणाला जातो, तर...' इथं त्याला आठवलं की आपण विरोधात आहोत. 'तरीही माझा विरोध,' असं म्हणून तो घाईघाईनं बसला.

मग श्रोत्यांचे प्रश्न. सोनीबाई म्हणून आमच्या एक सदस्य आहेत. अर्ध्या अंगावरून वारं गेलंय, सून रिक्षानं आणते. त्यांनी चांगला असलेला डावा हात वर केला. अगदी शांतपणे म्हणाल्या, 'दोन्ही जन भारी बोलनात. पन माले एक सांगा. असा कायदा व्हयना, आनि मी सही नही करी, तं घरना लोके मन्हाकडे कसं देखतीन?'

सही केली नाही तर घरचे आपल्याकडे कसे बघतील. मी इतकी पानं लिहून काढली, विनोद सरांनी इतकी कात्रणं जमवली, आणि हा प्रश्न आमच्या कुणाच्या वहीत नव्हता. आज सोनीबाईंना आपण का जगतो याचं कारण कुणाला द्यावं लागत नाही. उद्या द्यावं लागेल का, एवढंच त्या विचारत होत्या. आणि तेवढ्यात त्यांची सून जागेवरूनच म्हणाली, 'आई, तुम्ही सही करा नाहीतर नका करू, मला संध्याकाळी मेथी निवडून पाहिजे. तो डावा हात कुठं न्यायचा नाही.' काय हशा पिकला म्हणून सांगू! सोनीबाई स्वतः इतक्या हसल्या की सुनेला त्यांचे डोळे पुसावे लागले. मत घेतलं तर दोन्ही बाजूंना एकोणीस-एकोणीस. विनोद सरांनी निर्णायक मत द्यायला नकार दिला, रक्तदाबाचं कारण सांगितलं. मागून कळलं की सोनीबाईंनी दोन्ही वेळा हात वर केला होता.

घरी आल्यावर मी तुझं पत्र पुन्हा काढलं. आधी पंधरा वेळा मैत्रीण म्हणून वाचलं होतं. त्या दिवशी नर्स म्हणून वाचलं, पेशंटचा केसपेपर वाचावा तसं. आणि दुसऱ्या सोमवारी कोर्टाजवळ सरला वकीलबाईंकडे गेले. नोटरीचं काम त्या करतात. तुझ्यासाठी नाही, माझ्या स्वतःच्या कागदासाठी. दुसऱ्याला सांगायचं ते आधी आपण करून बघावं, नाहीतर माझं ऐकशील होय तू? साक्षीदार म्हणून फुलसिंग आणि विनोद सर. बाईंना वाटलं मृत्युपत्र करायचं आहे. पेन काढून विचारतात, मालमत्ता काय? मी म्हटलं, दोन गुडघे आणि एक हृदय, तिन्ही वापरलेली. मग समजल्यावर म्हणाल्या, असला कागद मी पहिल्यांदाच करते आहे. पण हुशार बाई, नियम काढून बघितले, रीतसर केलं. मी लिहून दिलं की परतीची आशा नसेल तर यंत्र नको, घशात नळी नको. दुखणं कमी करणारं औषध हात आखडता न घेता द्यावं. तोंड कोरडं पडलं तर ओला कापूस फिरवावा. आणि प्रार्थना आखूड ठेवावी. सरलाबाई म्हणाल्या, प्रार्थनेचं कलम कायद्यात बसत नाही. फुलसिंग म्हणाला, बसवा. बसवलं. माझ्या वतीनं निर्णय कोण घेणार या जागी दानियल आणि रंजना, दोघांची नावं घातली. रंजनाला विचारलं तेव्हा आधी रडली. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, 'मम्मी, सलाईन चालेल का ते पण लिहा, नाहीतर मी आणि हे भांडत बसू.' संध्याकाळी गोळ्यांचा डबा जागेवर आणि विळी खाली. आता आमच्याकडे भेंडी पुन्हा चिरून होते.

आता तुझ्या सहा ओळी. हे पान पवन ऑफिसला गेल्यावर वाच. धुळ्याच्या हॉस्टेलमध्ये संत्र्यावर सुया टोचून झाल्या आणि खऱ्या माणसाला टोचायची वेळ आली, तेव्हा माझा हात इतका थरथरला की मेट्रन मला घरी पाठवणार होत्या. तू बाही वर करून दंड पुढे केलास आणि म्हणालीस, 'टोच, काही व्हस नही माले.' माझ्या आयुष्यातलं पहिलं इंजेक्शन मी तुला दिलं. आणि आता तू वाकड्यातिकड्या अक्षरात, बोटांना पेन बांधून घेऊन लिहिलं आहेस की शेवटचंही मीच द्यावं. माझं उत्तर नाही असं आहे, गायत्री. तुला पहिल्या ओळीत ते सांगायची माझी हिंमत नव्हती. तुरुंगाची भीती आहे, प्रभूची आहे, पण खरी गोष्ट अशी की माझ्यानं ते होणार नाही, आणि न होणाऱ्या गोष्टीला मी तत्त्वाचं नाव देणार नाही. उद्या इथे कायदा झाला आणि तू पुन्हा विचारलंस तर मी काय म्हणेन, मला ठाऊक नाही. हॉलमध्ये मी बाजूने बोलले त्यातलं निम्मं तरी मला खरं वाटत होतं. पण तुला 'उद्या' म्हणून टोलवणार नाही, म्हणून आजच सांगते. तुझ्या सहा ओळींत पवन दोनदा आहे, सून आहे, नातीची दहावी आहे, आणि तू स्वतः एकाच ओळीत आहेस. दुखतं आहे असं कुठेच नाही. भार झाले आहे, असं तीनदा आहे. सोनीबाईंनी विचारलेलंच तू मला विचारते आहेस, फक्त तू त्याचं उत्तर स्वतःच देऊन मोकळी झालीस. हे तुझ्या घरानं तुला सांगितलं आहे का, की तू त्यांच्या चेहऱ्यावर वाचलंस? कारण मी पवनला फोन केला. घाबरू नकोस, सहा ओळींबद्दल एक अक्षरही बोलले नाही. एवढंच म्हटलं की मला तुझ्याकडे येऊन राहायचं आहे, किती दिवस ते माहीत नाही. तो म्हणाला, 'मावशी, आईला कसं धरायचं तेच मला कळत नाही, दुखेल की काय वाटतं, म्हणून मी लांब राहतो. तुम्ही शिकवाल?' हे तुला त्यानं सांगितलं नसणार. तर मी पुढच्या गुरुवारी, सत्तावीस तारखेला, सकाळच्या एसटीनं निघते आहे. कागद कसा करायचा ते मला आता पाठ आहे. नाशिकला नोटरी गाठू, तुला काय नको ते सगळं लिहू, नळी नको तर नळी नको, आणि निर्णय घेणाऱ्यांत पवनच्या नावाखाली माझंही नाव घालू, म्हणजे त्या वेळी त्याला एकट्याला उभं राहावं लागणार नाही. दुखणार नाही याची काळजी घेणारे डॉक्टर कुठे आहेत ते मी तिथं आल्यावर शोधते, आणि ते दुखण्याच्या बाबतीत काही लपवायला लागले तर त्यांची गाठ माझ्याशी आहे. जे यायचं ते येईल तेव्हा मी खोलीत असेन. एवढं मला जमतं, आणि हे मी आयुष्यभर केलेलं आहे. त्या सहा ओळींबद्दल पवनला तू स्वतः सांग, पण मी शेजारी बसलेली असताना सांग. रंजनानं तांदूळ आणि आमचूर आत्ताच बांधून ठेवलं आहे, फुलसिंगनं तुला नमस्कार सांगितला आहे. आणखी एक. मी घोरते, दुपारी दोन ते तीन मला कुणी उठवलेलं चालत नाही, आणि मला खिडकीकडची खाट लागते. तुझी तिथली खाट खिडकीकडची असेल तर आत्तापासूनच भांडायची तयारी ठेव.

गुरुवारी संध्याकाळी तुझ्या दारात येऊन उभी राहीपर्यंत कागदावरून,
तुझीच
रूथ